पार्लरमधली मारामारी खिशात : फायटिंग गेम हँडहेल्डवर उतरवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनवरची मारामारीची मालिका गेम बॉय, निओ जिओ पॉकेट, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स अशा हातात मावणाऱ्या यंत्रांवर कशी उतरवतात आणि आज हौसेने तसं करू पाहणाऱ्याचं घोडं कुठे अडतं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं बहुतेक ‘स्ट्रीट फायटर’ची आहेत. आकडेमोड गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची आहे (पुढे नुसतं ‘अ‍ॅडव्हान्स’), कारण हौशी कामाला आजही तेच यंत्र सर्वांत सोयीचं पडतं.

१. स्क्रीन लहान आहे, तर चित्रं लहान करायची. यात एवढं अवघड काय आहे?

चित्रं लहान करणं हा कामाचा सोपा भाग आहे. मारामारीच्या गेममध्ये खेळाडू चित्राशी नाही, वेळेशी खेळत असतो. बटण दाबल्यापासून किती फ्रेमनी (पडदा सेकंदाला सुमारे साठदा बदलतो, त्यातला एक बदल म्हणजे फ्रेम) ठोसा लागतो, तो किती फ्रेम लागू राहतो, अडवल्यावर समोरचा किती फ्रेम अडकतो, यावर सगळा डाव उभा असतो. मूळ गेममध्ये चार फ्रेमनी लागणारी लाथ तुमच्याकडे सात फ्रेमनी लागली, तर चित्र हुबेहूब असूनही जुना खेळाडू दहा मिनिटांत यंत्र खाली ठेवेल. उलट चित्रं निम्मी गाळली आणि वेळा जशाच्या तशा ठेवल्या, तर तोच खेळाडू तक्रार करत का होईना, खेळत राहतो.

कात्री चालवायचीच असेल तर आधी चित्रांवर, मग आवाजावर, मग पात्रांच्या संख्येवर चालवा. वेळेवर कधीच नाही. पुढची बहुतेक उत्तरं याच धोरणातून आली आहेत.

२. कोणत्या यंत्रात नेमकं किती सामान असतं?

मूळ गेम बॉय (१९८९): स्क्रीन १६० × १४४, करड्या-हिरवट चार छटा, ८ केबी कामाची मेमरी आणि ८ केबी चित्रांची. एका वेळी ४० स्प्राइट (पडद्यावर स्वतंत्र हलवता येणारे चित्राचे तुकडे), पण एका आडव्या रेषेत फक्त १०. बटणं दोन. गेम बॉय कलरमध्ये (१९९८) प्रोसेसरचा वेग दुप्पट झाला, रंग आले आणि चित्रांची मेमरी १६ केबी झाली. बटणं मात्र दोनच राहिली.

निओ जिओ पॉकेट कलर (१९९९): स्क्रीन १६० × १५२, ६४ स्प्राइट, दोन बटणं आणि टकटक वाजणारी खटक्यांची छोटी काडी. मारामारीच्या गेमसाठी त्या काळच्या हँडहेल्डवर याहून चांगलं दिशानियंत्रण नव्हतं.

अ‍ॅडव्हान्स (२००१): स्क्रीन २४० × १६०, १६.७८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ केबी वेगवान आणि २५६ केबी संथ मेमरी, चित्रांसाठी ९६ केबी, त्यांतली ३२ केबी स्प्राइटची. १२८ स्प्राइट, प्रत्येक ६४ × ६४ पर्यंत. ए, बी, एल, आर अशी चार बटणं. कॅसेट जास्तीत जास्त ३२ एमबीची.

तुलनेसाठी, ‘स्ट्रीट फायटर २’ ज्या मशीनवर आला त्याची स्क्रीन ३८४ × २२४ होती आणि बटणं सहा.

३. चित्र नेमकं किती पटीने लहान करायचं? ३८४ चे २४० आणि २२४ चे १६० केले, पण पात्रं जाडी दिसतात.

जाडी दिसणारच. पार्लरच्या मशीनचं ३८४ × २२४ चं चित्र ४:३ आकाराच्या काचेवर दाबून दाखवलं जायचं, त्यामुळे तिथला प्रत्येक पिक्सेल उभट होता. त्याची रुंदी उंचीच्या ७/९. अ‍ॅडव्हान्सचा पिक्सेल चौकोनी आहे. म्हणून उभं प्रमाण १६०/२२४ म्हणजे ५/७ आणि आडवं प्रमाण ५/७ × ७/९ म्हणजे ५/९ धरायचं. थेट २४०/३८४ केलं की सगळी पात्रं साडेबारा टक्के रुंद होतात.

५/९ ने मूळ पडदा २१३ पिक्सेलमध्ये बसतो आणि २७ पिक्सेल उरतात. त्यांत मैदानाची जास्तीची कड दाखवा, पण दोन खेळाडूंमधली कमाल दूरी मूळ ३८४ एवढीच ठेवा. २४० पिक्सेल भरायचे म्हणून ती वाढवली, तर दूरवरून गोळे फेकणाऱ्या पात्रांना फुकटची सवलत मिळते आणि गाइलसारखा गोळेबाज आवरता येत नाही.

४. मग हिटबॉक्सही (फटका लागला की नाही हे ठरवणाऱ्या अदृश्य चौकटी) त्याच प्रमाणात लहान करायचे का?

नाही. पात्राची जागा, वेग, उडी, हिटबॉक्स हे सगळं मूळ मशीनच्या मापातच ठेवा आणि फक्त पडद्यावर काढताना रूपांतर करा. हिटबॉक्स लहान करून पूर्णांकात बसवले की प्रत्येकात एखाद्या पिक्सेलचा फरक पडतो. मूळ गेममध्ये जेमतेम पोचणारी लाथ मग पोचत नाही आणि सलग फटक्यांची साखळी तुटते.

अ‍ॅडव्हान्सच्या प्रोसेसरला भागाकाराची सोय नाही. ५/९ साठी ३६४०९ ने गुणून उत्तर १६ बिट उजवीकडे सरकवा. ५/७ साठी गुणक ४६८११. जागा अपूर्णांकासह १६.१६ अशी साठवली असेल, तर आधी अपूर्णांक टाकून मग गुणा, नाहीतर ३२ बिटांत गुणाकार मावत नाही. थम्ब प्रकारच्या (आखूड, १६ बिटांच्या सूचनांच्या) कोडमध्ये ६४ बिटांचा गुणाकारही मिळत नाही.

इथे हमखास होणारी चूक: पात्राच्या जागेतून कॅमेऱ्याची जागा आधी वजा करून उत्तर लहान केलं, की कॅमेरा सरकताना स्थिर उभं पात्र जमिनीच्या तुलनेत एक पिक्सेल थरथरतं. पात्र आणि कॅमेरा दोघांच्या जागा वेगवेगळ्या लहान करून मग वजाबाकी करा. थरथर थांबते.

५. मूळ स्प्राइट सॉफ्टवेअरने लहान करून वापरता येतील का?

पहिला मसुदा म्हणून, हो. ९० पिक्सेल उंचीचं पात्र ६४ वर येतं आणि धडाचा आकार टिकतो. पण चेहरा, मुठी आणि बाह्यरेषा यांचा चुराडा होतो. एक पिक्सेलची काळी रेषा कुठे गायब होते, कुठे दुप्पट होते आणि पात्र हललं की ती वळवळते. स्मूथ करणारी पद्धत वापरली तर नवेच मधले रंग तयार होतात आणि १५ रंगांच्या पॅलेटमध्ये (रंगांच्या ठरीव यादीत) मावत नाहीत.

जमणारी रीत अशी: जवळचा पिक्सेल उचलणाऱ्या पद्धतीने लहान करा, मूळ पॅलेट कायम ठेवा, मग बाह्यरेषा, डोळे आणि हाताचे पंजे हाताने पुन्हा काढा. पंजे प्रमाणापेक्षा एखादा पिक्सेल मोठेच काढा, कारण लहान स्क्रीनवर फटका कुठून येतोय हे खेळाडू मुठीवरूनच ओळखतो. पॅलेटच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. त्या मशीनचे स्प्राइटही १५ रंग आणि एक पारदर्शक असेच होते आणि अ‍ॅडव्हान्सचेही तसेच आहेत.

६. सहा बटणांचे फटके चार बटणांवर कसे बसवायचे?

हलका, मध्यम, जोरदार असे तीन ठोसे आणि तीन लाथा. रस्ते तीन आहेत.

मध्यम फटके काढून टाकणं सर्वांत सोपं. ज्या पात्रांचा डाव मध्यम लाथेवर चालतो त्यांचं मात्र कंबरडं मोडतं. र्‍यूची बसून मारलेली मध्यम लाथ गेली, तर मागे काय उरलं?

दुसरा रस्ता म्हणजे बटण किती वेळ दाबलं त्यावर जोर ठरवणं. त्याची किंमत पुढच्या उत्तरात आहे. चार बटणं हाताशी असताना या वाटेने जाऊ नका.

तिसरा रस्ता जोडबटणांचा: बी हलका ठोसा, ए हलकी लाथ, एल जोरदार ठोसा, आर जोरदार लाथ आणि बी + एल दाबलं की मध्यम ठोसा, ए + आर दाबलं की मध्यम लाथ. अडचण अशी, की दोन बोटं एकाच फ्रेममध्ये पडत नाहीत. म्हणून पहिलं बटण दिसताच त्याचा फटका सुरू करा, पण पुढच्या दोन फ्रेममध्ये दुसरं बटण आलं तर चालू फटका रद्द करून मध्यम सुरू करा आणि फ्रेमची मोजणी पहिल्या बटणापासूनच धरा. त्या दोन फ्रेममध्ये आवाज वाजवू नका, नाहीतर प्रत्येक मध्यम फटक्याआधी हलक्याचा ‘हुं’ ऐकू येतो. सर्वांत जलद हलका फटका तीन फ्रेमनी लागणारा असेल, तर रद्द करण्याची मुदत दोन फ्रेमच्या पुढे नेता येत नाही.

सिलेक्ट बटणाला फटका देऊ नका. अंगठा तिथे वेळेत पोचत नाही.

७. यंत्रावर दोनच बटणं असतील तर?

मग दाबण्याचा वेळ मोजण्यावाचून फारसा पर्याय नाही. गेम बॉयवरच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने (१९९५) हेच केलं: एक बटण ठोशाचं, एक लाथेचं आणि जास्त वेळ दाबलं की जोरदार. कितीही चपळ बोट असलं तरी बटण दाबून सोडायला साधारण चार-सहा फ्रेम जातात. म्हणजे खेळाडूला हलका हवाय की जोरदार हे कळायला यंत्राला तेवढं थांबावंच लागतं. त्या थांबण्यालाच लोक ‘जड चालतो’ म्हणतात.

ही किंमत कमी करण्याची युक्ती म्हणजे हलक्या आणि जोरदार फटक्याच्या सुरुवातीच्या फ्रेम एकच ठेवायच्या. बटण दाबताच खांदा मागे जातो. सहाव्या फ्रेमपर्यंत बटण सुटलं तर हलका, नाहीतर तोच हात पुढे जोरदार फटक्यात जातो. हलका फटका मूळपेक्षा दोन-तीन फ्रेम उशिरा लागतो, पण डोळ्याला आणि अंगठ्याला उशीर जाणवत नाही.

निओ जिओ पॉकेटवरचे गेम याच दोन बटणांवर इतके चांगले का वाटतात, असंही नेहमी विचारलं जातं. ‘किंग ऑफ फायटर्स’ची मूळ बटणं चार, म्हणजे दोन ठोसे आणि दोन लाथा. वेळ मोजून त्यांची दोन करणं सरळ जमतं, मधलं काही गळत नाही. शिवाय ‘एसएनके विरुद्ध कॅपकॉम : मॅच ऑफ द मिलेनियम’ (१९९९) ही नक्कल नव्हती. २६ पात्रांचा तो गेम त्याच यंत्रासाठी बेतलेला होता. फटके, वेळा, पात्रांची उंची सगळं तिथल्या हिशोबाने नव्याने ठरवलेलं. दोन बटणांच्या यंत्रावर काम करणार असाल तर हुबेहूब उतरवण्याचा हट्ट सोडा.

८. ‘हादोकेन’ (हातातून सुटणारा गोळा) दहात तीनदाच निघतो. डी-पॅडचा (दिशांच्या बटणाचा) दोष की कोडचा?

थोडा डी-पॅडचा, बराचसा कोडचा. खाली, खाली-पुढे, पुढे या वळणात लहान डी-पॅडवर मधली तिरकी दिशा एकच फ्रेम मिळते किंवा मिळतच नाही. दर फ्रेमची दिशा २० फ्रेमच्या रांगेत साठवा आणि बटण दाबलं की रांगेत मागे जात शोधा. पूर्ण वळणाला १० ते १२ फ्रेमची मुदत द्या. वळण संपल्यानंतर बटण दोन-तीन फ्रेम उशिरा आलं तरी चालवा आणि एखादी फ्रेम आधी आलं तरी चालवा. बटण आधी पडणं ही लहान डी-पॅडवरची फार नेहमीची चूक आहे.

तिरकी दिशा पूर्णपणे माफ करू नका. नुसतं खाली आणि मग पुढे एवढ्यावर गोळा सुटू लागला, की बसून उठून चालत ठोसा मारणाऱ्यालाही नको तेव्हा गोळा मिळतो. आणि ‘शोर्‍यूकेन’ची (उसळी मारून वर दिलेल्या ठोशाची) तपासणी गोळ्याच्या आधी करा. पुढे, खाली, खाली-पुढे या वळणानंतर बोट जरा पुढे घसरलं, की त्याच रांगेत गोळ्याचं वळणही सापडतं.

९. आणि झॅन्गीफच्या पकडीचा पूर्ण गोल (सगळ्या दिशा फिरवून दाबणं)? वर दाबलं की तो उडीच मारतो.

उडीच्या आधी पाय वाकवण्याच्या तीन-चार फ्रेम असतात, त्यांचा उपयोग करा. त्या फ्रेममध्ये पकडीचं बटण आलं तर उडी रद्द करून पकड द्या. शिवाय मागच्या २० फ्रेममध्ये चार मुख्य दिशांपैकी तीन आधीच दिसल्या असतील, तर उडी आणखी दोन फ्रेम लांबवा. तिरक्या दिशा इथे मोजूच नका. पुढे, खाली, मागे, वर हा क्रम किंवा त्याचा उलटा पुरेसा आहे.

१०. ३२ केबीत दोन पात्रांच्या सगळ्या फ्रेम कशा मावतील?

मावत नाहीत, मावायची गरजही नाही. चित्रांच्या मेमरीत फक्त आत्ता दिसणारी फ्रेम (इथे फ्रेम म्हणजे पात्राच्या हालचालीतलं एक चित्र) ठेवायची. फ्रेम बदलली की नवी कॅसेटमधून थेट तिथे ओतायची.

६४ × ६४ ची फ्रेम २ केबी, ९६ × ६४ ची ३ केबी. दोन्ही पात्रांची फ्रेम एकदमच बदलली तर ६ केबी. एक पडदा काढून झाल्यावर पुढचा सुरू होईपर्यंतचा (पडदा मागे फिरतो तो) मोकळा काळ ८३,७७६ सायकलचा (प्रोसेसरच्या ठोक्यांचा) असतो आणि कॅसेटचा वेग नीट लावला असेल तर ६ केबी उतरवायला दहा हजारांच्या आत लागतात. प्रत्येक पात्राला दोन जागा ठेवा. एक दिसत असताना दुसरीत नवी उतरवा आणि मग स्प्राइटचा टाइल (८ × ८ पिक्सेलचा तुकडा) क्रमांक बदला. एकच जागा ठेवून उशीर झाला, तर डोकं नव्या फ्रेमचं आणि पाय जुन्या असं भूत दिसतं. दोन्ही पात्रांच्या दुहेरी जागांना १२ केबी गेले, तरी उरलेल्या २० मध्ये गोळे, ठिणग्या, धूळ आणि सावल्या आरामात बसतात. आयुष्याची पट्टी आणि घड्याळ स्प्राइटमध्ये काढू नका, त्यांना पार्श्वभूमीचा एक थर द्या.

‘कॅसेटचा वेग नीट लावणं’ म्हणजे यंत्र सुरू होताना वाट पाहण्याच्या सायकल ४/२ (पहिल्या वाचनाला ४, लगतच्या पुढच्यांना २) असतात त्या ३/१ करून प्रीफेच (पुढचा कोड आधीच वाचून ठेवण्याची सोय) चालू करणं. हे विसरलेल्या गेममध्ये सगळंच विनाकारण संथ चालतं.

११. कॅसेटमध्ये किती पात्रं बसतील? कोणाला वगळायचं?

एका पात्राला २५० फ्रेम आणि सरासरी अडीच केबी धरली तर सहाशे केबीच्या वर. अशी अठरा पात्रं म्हणजे ११ एमबी. ८ एमबीच्या कॅसेटमध्ये हे बसत नाही. आधी प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या रिकाम्या टाइल काढून टाका. पात्र चौकोनी नसतं, त्यामुळे इथे बरीच बचत होते. मग फ्रेम कमी करा, पण विचाराने: चालणं, जिंकल्यावरची पोझ, पडणं यांतल्या फ्रेम गाळा आणि उरलेल्या जास्त वेळ दाखवा. ठोशाची सुरुवात आणि तो लागण्याची फ्रेम यांना हात लावू नका.

लढतीतल्या फ्रेम दाबून साठवण्याचा मोह होतो. त्या दर वेळी उलगडायला वेळ जातो आणि तो नेमका दोन्ही पात्रं एकदम फिरताना अंगावर येतो. दाबायचंच असेल तर पार्श्वभूमी आणि निवडीच्या पडद्यावरचे चेहरे दाबा.

पात्रं वगळणं हा शेवटचा उपाय. गेम बॉयच्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये बारापैकी नऊच होती. होंडा, पंज्यावाला वेगा आणि आपल्याकडचा म्हणून ओळखला जाणारा धालसीम गायब. त्याच यंत्रावरच्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये जॉनी केज नव्हता. याच्या नेमकं उलट उदाहरण अ‍ॅडव्हान्सवरच्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा ३’चं (२००२). ब्रिटनच्या क्रॉफिश इंटरॅक्टिव्हने पात्रं गाळली तर नाहीतच, वर ईगल, माकी आणि युन ही तीन नवी घातली. कात्री मैदानांवर आणि आवाजांवर चालली. हँडहेल्डवर कशाला आधी हात लावावा आणि कशाला नाही, हे शिकायला आमच्या मते याहून चांगला नमुना नाही.

१२. गेम बॉयवर दोघं जवळ आले की पात्रांचे तुकडे गायब होतात.

एका आडव्या रेषेत दहाच स्प्राइट, प्रत्येक ८ पिक्सेल रुंद, म्हणजे ८० पिक्सेल. ३२ पिक्सेल रुंदीची दोन पात्रं आठ स्प्राइट खातात, उरलेल्या दोघांत जेमतेम १६ पिक्सेलचा गोळा. कोणी लाथ लांबवली की अकरावा स्प्राइट दिसतच नाही. धालसीमसारखा हात लांबवणारा गडी इथे किती महाग पडेल याचा हिशोब तुम्हीच करा.

दुसरी मर्यादा वेळेची. पडदा मागे फिरताना १,१४० मशीन-सायकल मिळतात. त्यातल्या १६० स्प्राइटची यादी उतरवण्यात जातात. प्रत्येक बाइटला पाच सायकल धरल्या तर दोनशेच्या आसपास बाइट हलतात. ३२ × ४८ च्या फ्रेमला ३८४ बाइट लागतात. म्हणजे एका पात्राची फ्रेम बदलायला दोन फेऱ्या आणि दोघांच्या बदलायला चार. ठोशाची वेळ चित्रावर अवलंबून ठेवली असेल तर इथे सगळं कोलमडतं. चित्र उशिरा बदललं तरी हिटबॉक्स वेळेवर चालू झाला पाहिजे.

टाकारा कंपनीच्या गेम बॉयवरच्या ‘नेत्तो’ मालिकेत ‘किंग ऑफ फायटर्स ९५’ची पात्रं मोठ्या डोक्याची आणि बुटकी केली होती. गोंडसपणा हा वरचा फायदा. बुटक्या पात्राला कमी टाइल लागतात, आडवे हातपाय आखूड राहतात आणि चेहरा ओळखू येतो. गेम बॉयसाठी तोच मार्ग धरा.

१३. आवाज कुठे कापायचा?

अ‍ॅडव्हान्समध्ये नोंदवलेला आवाज वाजवायला ८ बिटांच्या दोन वाहिन्या आहेत, बाकी मिसळण प्रोसेसरलाच करावी लागते. मिसळणीचा दर १३,३७९ हर्ट्झ ठेवा. त्यात प्रत्येक फ्रेमला बरोबर २२४ नमुने बसतात. मनाने १२,००० निवडलं तर फ्रेमच्या सीमेवर टिकटिक ऐकू येते. १८,१५७ हर्ट्झलाही हिशोब पूर्ण बसतो (३०४ नमुने), पण प्रोसेसरचा वेळ जास्त जातो.

आरोळ्या १०,५१२ हर्ट्झला साठवल्या तर सेकंदाला साडेदहा केबी. अठरा पात्रं, प्रत्येकी बारा आरोळ्या, सरासरी ०.७ सेकंद, म्हणजे साधारण १.६ एमबी. जागा कमी पडली तर मार खाल्ल्याचे आवाज सामाईक करा. ज्या आरोळीवरून समोरचा कोणती चाल करतोय हे कळतं, ती गाळू नका. तो नुसता आवाज नसतो, इशारा असतो.

१४. रंग खऱ्या यंत्रावर मळकट आणि संगणकावर भडक दिसतात. कोणते बरोबर?

पहिल्या अ‍ॅडव्हान्सच्या स्क्रीनमागे दिवा नव्हता, म्हणून त्या काळचे गेम मुद्दाम फिकट रंगवलेले असायचे. तेच गेम फोनवर धुतल्यासारखे दिसतात. दोन पॅलेट ठेवा आणि पर्यायांत निवडू द्या. अख्ख्या पात्राला ३२ बाइटच जास्त लागतात.

सावली एक फ्रेम आड दाखवून पारदर्शकतेचा भास करण्याची युक्ती जुन्या संथ स्क्रीनवर सुंदर दिसते, आजच्या स्क्रीनवर लुकलुकते.

१५. पार्लरमध्ये मैदानाची जमीन पुढून-मागून वेगवेगळ्या वेगाने सरकते. तो भास जमतो का?

जमतो, आणि स्वस्तात. दर आडव्या रेषेनंतर त्या थराची सरकण्याची किंमत डीएमएने (प्रोसेसरच्या सूचनांशिवाय मेमरी हलवणाऱ्या ० ते ३ अशा चार वाहिन्या) बदलायची. त्यासाठी डीएमए ० वापरा. १ आणि २ आवाजाला लागतात, ३ चित्रं उतरवायला. ३ इथे अडकवला तर फ्रेम बदलताना जमीन फाटते.

१६. दोघंही खास चाली करतात तेव्हा गेम मंदावतो.

आधी मोजा. एका फ्रेमला २,८०,८९६ सायकल मिळतात आणि मारामारीचा हिशोब स्वतः फार खात नाही. गुन्हेगार बहुधा तिघांपैकी एक असतो: संथ मेमरीत राहिलेला आवाज मिसळणारा कोड, भागाकार, किंवा लढतीत दाबलेलं चित्र उलगडणं. आवाजाचा कोड ३२ केबीच्या वेगवान मेमरीत एआरएम प्रकारात (३२ बिटांच्या सूचनांत) हलवला तरी बहुतेकदा काम होतं.

मोठे करून फिरवलेले स्प्राइट वेगळाच त्रास देतात. साध्या स्प्राइटला रेषेमागे रुंदीइतक्याच सायकल लागतात. फिरवलेल्याला रुंदीच्या दुप्पट अधिक दहा आणि दुहेरी चौकट घेतली तर ६४ चा स्प्राइट १२८ धरला जातो. रेषेला एकूण १,२१० सायकल मिळतात. त्या संपल्या की गेम मंदावत नाही, उरलेले स्प्राइटच दिसत नाहीत.

तरीही वेळ कमी पडत असेल तर चित्र काढणं एक फ्रेम गाळा, हिशोब कधीही गाळू नका.

१७. लिंक केबलवर दोन यंत्रांत वेगवेगळा निकाल लागतो. एकात मी जिंकलो, दुसऱ्यात तो.

केबलवरून लढतीची स्थिती पाठवू नका, फक्त बटणं पाठवा. अ‍ॅडव्हान्सची दहा बटणं १६ बिटांत बसून सहा बिट उरतात. त्यांतले दोन फ्रेम क्रमांकाला आणि चार तपासणीच्या बेरजेला द्या. या फ्रेमची बटणं दोन फ्रेमनंतर दोन्हीकडे एकदम लागू करा आणि समोरची आली नसतील तर हिशोब पुढे न नेता थांबा. दोन यंत्रांचे घड्याळ अगदी एकसारखे कधीच नसतात.

निकाल वेगळा लागण्याची कारणं जवळजवळ ठरलेली: यादृच्छिक आकड्याचं बी (ज्यावरून तो निघतो ती सुरुवातीची संख्या) दोन्हीकडे एक नाही, तोच आकडा ठिणग्या आणि धुळीसाठीही वापरला जातोय, सुरुवातीची किंमत न दिलेली मेमरी, किंवा ‘आपला खेळाडू’ आणि ‘समोरचा’ या क्रमाने केलेली तपासणी. दोन्ही यंत्रांवर नेहमी खेळाडू १ आधी, मग खेळाडू २. दिखाऊ गोष्टींसाठी वेगळा आकडा ठेवा.

एकाच कॅसेटवर दोघं खेळू शकतील का, हेही याच जोडीने येतं. कॅसेट नसलेल्या यंत्रात जास्तीत जास्त २५६ केबी पाठवता येतात. त्यात दोन पात्रांची छोटी लढत बसेल, अख्खा गेम नाही.

१८. सॅगॅटची डोळ्यावरची पट्टी डावीकडे वळल्यावर दुसऱ्या डोळ्यावर जाते. चूक आहे का?

पार्लरच्या मशीनवरही तसंच होतं. स्प्राइट उलटा दाखवणं फुकट पडतं, दुसऱ्या बाजूची वेगळी चित्रं ठेवायला जागा दुप्पट लागते. मात्र उलटवताना अनेक तुकड्यांचं पात्र विस्कटत असेल तर ती तुमची चूक. प्रत्येक तुकड्याची आडवी जागा ‘उणे जागा, उणे रुंदी’ अशी बदलायची असते. रुंदी वजा करायची राहते.

१९. ‘टेक्केन’सारखी त्रिमितीय मालिका अशी आणता येते का?

येते. ‘टेक्केन अ‍ॅडव्हान्स’मध्ये पात्रं चपटी स्प्राइटच होती आणि बाजूला सरकण्याची चाल तरीही ठेवली होती. त्रिमितीय मॉडेलवरून फ्रेम काढताना प्रकाश एकाच दिशेने ठेवा आणि फ्रेम मोजक्या घ्या. संगणकाने दिलेल्या सगळ्या घेतल्या तर हालचाल गुळगुळीत होते, पण फटक्याला धार राहत नाही. पुढे सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डवर ‘टेक्केन : डार्क रिझरेक्शन’ (२००६) खऱ्या त्रिमितीत आला. तिथला प्रश्नच वेगळा होता: चित्राची बारीकी कमी करून सेकंदाला ६० फ्रेम राखायच्या.

२०. टच स्क्रीनवर एका बोटात खास चाल दिली तर नवख्यांची सोय नाही का होणार?

होईल, पण चालीची अडचण हा तिच्या किमतीचा भाग असतो. निन्टेन्डो ३डीएसवरच्या ‘सुपर स्ट्रीट फायटर ४’मध्ये (२०११) ‘लाइट’ या सोप्या नियंत्रण प्रकारात खालच्या स्क्रीनला बोट लावलं की चाल निघायची. गाइलला मागे दाबून थांबावं लागतं म्हणून त्याचा गोळा चांगला असू दिलेला आहे. तो चालता चालता गोळे फेकू लागल्यावर तराजूच कलंडला. सोय द्यायचीच असेल तर थांबण्याची अट टचवरही लावा आणि अशा खेळाडूंची जोडी वेगळी लावा. फोनवर काढलेल्या आभासी डी-पॅडलाही हेच लागू. तिथे वळणाची मुदत प्रश्न ८ पेक्षा आणखी तीन-चार फ्रेम वाढवा, कारण बोटाला कडा लागत नाही.

२१. आपण बनवलेला गेम वाटता किंवा विकता येईल का?

यंत्रणा लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. देवकिटएआरएम, लिबटॉन्क किंवा बुटानो ही प्रोग्रामिंगची साधनं मोफत मिळतात. पण र्‍यूचं चित्र, नाव आणि आवाज ‘स्ट्रीट फायटर’ बनवणाऱ्या कॅपकॉमचे आहेत. भारतातही १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो आणि ‘मी पैसे घेत नाही’ म्हटल्याने परवानगी मिळाली असं होत नाही. शिकताना घरी वापरा, बाहेर द्यायचं असेल तर स्वतःची पात्रं काढा.

२२. एमुलेटरवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामवर) सगळं नीट चालतं, खऱ्या यंत्रावर पात्रांऐवजी कचरा दिसतो.

पहिला संशय एकेक बाइट लिहिण्यावर. अ‍ॅडव्हान्सच्या चित्रांच्या मेमरीत एकच बाइट लिहिता येत नाही. पार्श्वभूमीत तो दोनदा उमटतो, स्प्राइटच्या भागात लिहिलाच जात नाही. साध्या कॉपी फंक्शनचा शेवटचा विषम बाइट इथेच मार खातो. नेहमी १६ किंवा ३२ बिटांत लिहा. सेव्हच्या मेमरीला बरोबर उलटा नियम, तिथे एकेक बाइटच लिहायचा.

दुसरा संशय सुरुवातीला शून्य नसलेल्या मेमरीवर. काही एमुलेटर ती शून्य करून देतात, यंत्रावर ते धरून चालू नका. तिसरा संशय प्रश्न १० मधल्या ३/१ वर. काही स्वस्त कॅसेटना तो वेग झेपत नाही, तेव्हा तात्पुरतं ४/२ वर आणून पाहा. कचरा गेला तर कोड ठीक आहे, कॅसेट बदला.